दरफाळणी, आणि तिच्या आदली दुपार

परवा ऑफिसात एका मुलीने विचारलं, ताई तुमचा तो कडक उपासाचा सण असतो ना, पाणीसुद्धा चालत नाही तो, त्याचं नाव काय? मी सवयीने "दरफाळणी" म्हणून मोकळी झाले. ती म्हणाली, फाळणी? म्हणजे १९४७ ची? मग तिला समजावून सांगायला बसले आणि सांगता सांगता लक्षात आलं की हे मी कधीच नीट लिहून ठेवलेलं नाही, आणि आता आजी पण नाही, आईला अर्धंच आठवतं, म्हणून आज लिहितेच.

तर आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. आडनावात "कर" आहे, घरात मराठी बोलतो, आणि पूर्वज कुठून आले म्हटलं तर अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, तिथून आमची गोष्ट सुरू होते असं घराघरात सांगतात. मग ही माणसं कोकणातल्या गावागावांत पसरली, तेलाचे घाणे चालवायला लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पुस्तकं समुद्रात गेली, हिब्रू विसरली, राहिला फक्त शेमा, देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना, तो लग्नात पण म्हणायचा आणि मयताला पण म्हणायचा. सणांची मूळ नावंसुद्धा विसरली. पण सण नाही विसरले! त्या दिवशी घरात जे करायचे त्यावरून नावं पडली. खीर करायची तो खिरीचा सण, यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवशी वालाचं बिरडं खायचं तो बिरड्याचा सण. आणि ज्या दिवशी दारं लावून घ्यायची तो दरफाळणीचा सण. आमच्या जुन्या बोलीत दार फाळणं म्हणजे दार बंद करणं. जगभरचे ज्यू ज्याला योम किप्पूर म्हणतात, प्रायश्चित्ताचा दिवस, तो हाच. तिश्री महिन्याची दहावी तारीख.

मला हे नाव फार आवडतं. योम किप्पूर म्हटलं की मशिदीतलं वाटतं (आम्ही सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतो, जुनी माणसं तरी), दरफाळणी म्हटलं की आजीचं घर दिसतं.

आजी सांगायची ते तिच्या लहानपणचं, गावाकडचं. आदल्या दिवशी घर सारवून लख्ख करायचं, सगळ्यांनी आधी गरम पाण्याने आणि मग थंड पाण्याने अंघोळ करायची, पांढरे कपडे घालायचे, सूर्य बुडायच्या आत जेवून घ्यायचं आणि मग दार लावायचं. ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. त्या पंचवीसेक तासांत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही. गावात सगळ्यांना माहीत असायचं, कुणी हाक मारायला यायचं नाही. आणि त्या रात्री घरातले गेलेले लोक भेटायला येतात असं मानायचे, म्हणून घर एवढं स्वच्छ करायचं. ते दुसरा दिवस आणि त्याची रात्र राहून पहाटे परत जातात, तो परत जायचा दिवस म्हणजे शिळा सण. आजी हे सांगताना अजिबात घाबरवायची नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर जसं बोलतात तसं बोलायची. समोरच्या काकू तिला म्हणायच्या की आमचे पितर पंधरवड्यात येऊन गेले, तुमचे दहा दिवस मागून येतात. आणि ते खरंच आहे जवळजवळ, सर्वपित्री अमावास्या झाली की बऱ्याच वर्षी आमचं नवीन वर्ष लागतं आणि त्यानंतर दहाव्या दिवशी दरफाळणी.

इथे जरा थांबून पंचांगाचं सांगते कारण मला त्याची फार गंमत वाटते. आमचे महिनेही चंद्रावर चालतात आणि आमच्यातही अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. त्यामुळे तिश्री आणि आश्विन पुष्कळदा बरोबर चालतात आणि मग दरफाळणी येते थेट दसऱ्याला. २०२४ ला १२ ऑक्टोबरला दोन्ही एकदम होतं, २०२५ ला २ ऑक्टोबरला परत दोन्ही एकदम. एरवी मला ऑफिसात रजेचा अर्ज करून तो सण कुठला ते समजावून सांगावं लागतं, ही दोन वर्षं सुट्टी आयतीच मिळाली. २०२६ ला मात्र तुमच्याकडे अधिक महिना आहे, त्यामुळे दरफाळणी २१ सप्टेंबरला, ऐन गणपतीत, आणि दसरा तिच्यानंतर महिन्याभराने.

आता दाराबद्दल. लहानपणी मला वाटायचं आपल्या लोकांना हिब्रू येत नव्हतं म्हणून त्यांनी काहीतरी घरगुती नाव ठेवलं. मोठी झाल्यावर मशिदीत अर्थ लावत प्रार्थना वाचायला लागले तेव्हा कळलं की या दिवसाची शेवटची प्रार्थना, सूर्य कलताना म्हणायची, तिचं नावच नेईला. नेईला म्हणजे बंद होणं. दारं बंद होणं! आकाशाची दारं बंद होत आलीयेत, आत्ताच काय मागायचं ते माग, असा तिचा सूर. म्हणजे ज्या माणसांना हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनी या दिवसाला जे नाव ठेवलं ते बरोब्बर दाराचं. कदाचित योगायोग असेल, कदाचित फार जुनी आठवण शिल्लक राहिली असेल, मला ठरवायचं पण नाही. मुंबईतली आमची पहिली मशीद १७९६ ला सामाजी हसाजी दिवेकरांनी मांडवीला बांधली, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेला माणूस तो, तिचं नाव शार हारहमीम, दयेचं दार. आमच्या ठाण्याची टेंभी नाक्यावरची १८७९ ची, तिचं नाव शार हाशामाईम, आकाशाचं दार. प्रत्येक घराच्या चौकटीला मेझुझा असतो, म्हणजे आत पवित्र वचनं लिहिलेली छोटी डबी, जाता येता त्याला हात लावून ओठांना लावायचा. दारं, दारं आणि दारं.

पण मला खरं सांगायचंय ते दार लावायच्या आधीचं. कारण उपास सगळ्यांना माहीत असतो, मला पण लहानपणी उपासच मोठा वाटायचा, किती तास झाले किती राहिले एवढंच मोजायचे मी.

मिश्नात, म्हणजे आमच्या धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, या दिवसाबद्दल एक नियम आहे, आणि माझ्या मते अख्खा सण त्या एका नियमावर उभा आहे. माणसाने देवाचं जे बिघडवलं त्याची माफी या दिवशी मिळते. पण माणसाने माणसाचं जे बिघडवलं त्याची माफी हा दिवस देऊ शकत नाही, जोपर्यंत तू स्वतः त्या माणसाकडे जाऊन त्याचं मन शांत करत नाहीस. म्हणजे तुम्ही पंचवीस तास कोरडे राहा, छाती बडवा, पांढरे कपडे घाला, शेजारणीशी भांडण तसंच असेल तर त्या खात्यात काही जमा होत नाही. देव त्यात पडतच नाही, तो म्हणतो ते तुझं नि तिचं आहे.

आजीने मिश्ना वाचलेलं नव्हतं. तिला सही मराठीत यायची तेवढीच. पण आमच्या चाळीत मजल्याला एकच नळ होता आणि नळावर वर्षभरात काय काय होतं ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. समोरच्या त्याच काकूंशी एका उन्हाळ्यात हंड्यावरून जोरदार वाजलं होतं, आजी फटकन काहीतरी बोलली होती, त्यांच्या आईवरून, आणि मग तीन महिने दोन्ही दारं समोरासमोर उघडी आणि बोलणं बंद. दरफाळणीच्या आदल्या दुपारी आजीने पुऱ्या तळल्या. आमच्या त्या पुऱ्या म्हणजे रवा, खोबरं, साखर, वेलची भरून दुमडलेल्या, करंजीच्या बहिणी, दुसऱ्या दिवशी उपास सोडायला लागतात. तिने सहा पुऱ्या डब्यात घातल्या, पदर सारखा केला, मला म्हणाली चल. मी सात-आठ वर्षांची असेन. काकूंच्या उंबऱ्याशी आजी उभी राहिली, आत नाही गेली. पायातल्या चपला काढून उभी राहिली आणि म्हणाली, "मी बोलले ते चुकले. तुमच्या आईवरून बोलायला नको होतं. मनात ठेवू नका." एवढंच. हंड्याचं काही नाही, तुम्ही पण बोललात असं काही नाही. काकूंनी डबा घेतला नाही लगेच, तशाच बघत राहिल्या, आजीचा डबा धरलेला हात जरासा थरथरत होता ते मी खालून बघत होते कारण माझ्या डोळ्यांसमोर तोच होता. मग काकू म्हणाल्या, "आत तरी या." आजी म्हणाली, "आज नाही, दिवस बुडेल, परवा येते." आणि परत येऊन तिने अंघोळीचं पाणी तापत ठेवलं.

मला तेव्हा काही कळलं नाही. मला वाटलं पुऱ्या द्यायला गेलो होतो.

मशिदीत त्या दिवशी काय चालतं ते थोडक्यात सांगते. संध्याकाळी कोल निद्रे ही प्रार्थना, अरामी भाषेतली, देवापुढे घेतलेल्या नि निभावता न आलेल्या शपथांबद्दलची. सेफेर, म्हणजे धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, बाहेर काढलेले असतात, सगळे पांढऱ्यात, चामड्याची चप्पल त्या दिवशी चालत नाही म्हणून सगळ्यांच्या पायांत कापडी नाहीतर रबरी. पापांची कबुली दिवसभरात परत परत म्हणायची, प्रत्येक पापाला छातीवर हलकी मूठ. आणि ती कबुली "मी" अशी नाही, "आम्ही" अशी आहे. आम्ही खोटं बोललो, आम्ही चोरी केली, आम्ही निंदा केली. मी तर चोरी केली नाही मग मी का म्हणू, असं मी एकदा आईला विचारलं होतं, तर ती म्हणाली ज्याने केलीये त्याला एकट्याला म्हणायला लाज वाटेल ना, म्हणून सगळ्यांनी म्हणायचं. पुस्तकांत यावर पानं पानं लिहिलेली असतात, पण मला आईचं हेच उत्तर पुरतं.

सकाळी यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय वाचतात आणि तो ऐकताना दरवर्षी मला धस्स होतं. तिथे उपास करणाऱ्यांनाच झापलंय. देव म्हणतो, लव्हाळ्यासारखं डोकं वाकवून, अंगाखाली गोणपाट पसरून बसलात याला तुम्ही उपास म्हणता? मला पाहिजे तो उपास म्हणजे बांधलेल्याला सोडा, भुकेल्याला आपल्यातली भाकरी द्या, उघड्याला पांघरा. सगळे उपाशी बसलेत नि समोर हे वाचलं जातंय. असं वाचन नेमकं याच दिवसासाठी निवडलं त्या जुन्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

दुपारी, जेव्हा डोकं सगळ्यात जास्त दुखत असतं, तेव्हा योनाची गोष्ट, ज्या संदेष्ट्याला मोठ्या माशाने गिळलं त्याची. मासा सगळ्यांना माहीत असतो, पण मला शेवट आवडतो. निनवे शहराने पश्चात्ताप केला, देवाने त्यांना माफ केलं, आणि योना चिडून शहराबाहेर जाऊन बसला, यांना माफी कशी काय मिळाली म्हणून. देवाने त्याच्या डोक्यावर सावलीला एक झाड उगवलं, दुसऱ्या दिवशी किडीने खाल्लं, योनाला त्या झाडाचं दुःख झालं. पुष्कळ जण म्हणतात ते झाड एरंडाचं होतं, म्हणजे आमच्या तेली पूर्वजांना पटकन ओळखू आलं असतं! तेव्हा देव त्याला विचारतो, जे झाड तू लावलं नाहीस त्याची तुला एवढी कणव, मग या शहरात १,२०,००० पेक्षा जास्त माणसं आहेत ज्यांना उजवा हात डावा हात कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्यांची मला कणव येऊ नये? आणि पुस्तक तिथेच संपतं. योना काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही. गुरंढोरं शब्दाने मला दरवेळी रडू येतं, उपासाने पण असेल.

२०२४ ला मी योनासारखीच बसले होते. माझा एक चुलतभाऊ इस्राएलला आहे, आमच्याकडचे खूप जण गेले, १९४८ नंतर एकेक कुटुंब करत, लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा. इथे आता भारतभरचे सगळे ज्यू मोजले तर पाच हजारांच्या आसपास. हा भाऊ नंतर गेला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, लहानपणी मला खांद्यावर घेऊन समुद्रावर न्यायचा. अलिबागकडची आजोबांची छोटी वाडी विकायच्या वेळी आमचं बिनसलं. कोण काय बोललं ते लिहीत नाही, त्याची बाजू इथे मांडायला तो नाही. पण सहा वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते, व्हॉट्सअ‍ॅपवर सणाला "शालोम" यायचं त्याचं, मी निळी खूण पडू नये म्हणून उघडायचेच नाही. त्या वर्षी तिकडे युद्ध चालू होतं, रोज बातम्यांत त्याच्या शहराचं नाव येतंय का बघायचे, आणि तरी फोन करत नव्हते. हे मला आज लिहिताना पण जड जातंय.

११ ऑक्टोबरला, शुक्रवार होता, दुपारी मी पुऱ्या तळत होते. आणि सहावी पुरी कढईत सोडताना आजीचा तो डबा आठवला, थरथरणारा हात. गॅस बंद केला आणि तसाच पिठाच्या हाताने फोन लावला. तिकडे घड्याळ अडीच तास मागे. त्याने पहिल्याच रिंगला उचलला आणि म्हणाला, "काय झालं? आई बरी आहे ना?" म्हणजे माझा फोन आला की काहीतरी वाईटच घडलं असणार, इथपर्यंत आणून ठेवलं होतं मी. मी आजीचं वाक्य म्हटलं. दादा, मी बोलले ते चुकले. पुढचं म्हणता आलं नाही. तो पण गप्प. मग म्हणाला, "मी पण फोन हातात घेऊन बसलो होतो गं. दरवर्षी बसतो. मग दिवस बुडतो."

आमचं दार लागायला तेव्हा दीड तास होता, त्यांच्याकडे चार तास. आम्ही वाडीबद्दल एक शब्द बोललो नाही. तो विचारत होता विहिरीजवळचं बिमल्याचं झाड अजून आहे का.

दुसऱ्या दिवशी नेईलाला मशिदीत बसलेले, जीभ टाळ्याला चिकटलेली, बाहेर टेंभी नाक्यावर दसरा, ढोल-ताशांचा आवाज भिंतींतून आत येतोय, आत सगळे एका सुरात "एल नोरा अलिला" म्हणतायत, हे देवा दारं लागायच्या वेळेला आम्हाला क्षमा कर, असं ते जुनं गीत आहे आणि त्याची चाल इतकी उत्साहाची आहे की पंचवीस तास उपाशी असलेली माणसंसुद्धा उभी राहून जोरात गातात. मला त्या ढोलांचा कधीच त्रास वाटला नाही. ठाण्याचा दसरा नि आमची नेईला, एकाच नाक्यावर, दोन्हीकडे माणसं आपापल्या देवाला हाक मारतायत. मग शेवटी सगळे मिळून शेमा, तोच, जो आमच्या लोकांनी पुस्तकं बुडाल्यावरही सोडला नाही, आणि मग शोफार, मेंढ्याच्या शिंगाचा एकच लांब आवाज. संपलं. लगेच हातबोशी सुरू होते, म्हणजे आपले हात पुढे करून समोरच्याच्या हातांना लावायचे नि मग स्वतःची बोटं ओठांशी न्यायची, म्हाताऱ्यांपासून लहान पोरांपर्यंत सगळ्यांना. त्या गर्दीत कुणालाच टाळता येत नाही. काळ्या मनुकांच्या सरबताचा पहिला घोट घशाखाली उतरताना जो लागतो ना, त्याची चव मला शब्दांत पकडता येत नाही. बाहेर पडले तर समोरच्या फुलवाल्याने हातात आपट्याचं पान ठेवलं, सोनं घ्या ताई, मी घेतलं.

आणि मग शिळा सण. हा कुणाला माहीतच नसतो, जगातल्या बाकीच्या ज्यूंना पण नाही, हा आमचा कोकणातला. दार उघडलं, आलेले पूर्वज पहाटे परत गेले, आता दिवसभर गरिबांना दानधर्म करायचा आणि नातेवाईकांकडे, मित्रांकडे भेटायला जायचं. कालचा यशया आज हातांनी करायचा, असं मी आपलं समजते. आजी त्या वर्षी सांगितल्याप्रमाणे काकूंकडे गेली होती, दुपारभर बसली होती, मी त्यांच्या पलंगावर झोपून गेले होते एवढं आठवतं.

माझ्या त्या शिळ्या सणाला संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. मागे त्याची बायको, तिच्या कपाळाला पीठ लागलेलं. तिने पण पुऱ्या केल्या होत्या आणि सगळ्या तेलात फुटल्या होत्या, सारण बाहेर येऊन कढईत काळं झालं होतं, तो मला कढई दाखवत होता आणि विचारत होता आजी नक्की काय करायची. मी सांगितलं, मोहन निम्मं कर, सारण पूर्ण गार झाल्यावर भर, आणि कडांना नारळाचं दूध लावून दाब, गाईचं नको, म्हणजे मटणानंतर पण खाता येतील (आमच्यात मटण नि दूध एकत्र खात नाहीत). त्याने ते कागदावर लिहून घेतलं, मराठीत, मला दाखवलं, "मोहन" चा मो जरा वाकडा झाला होता.